धर्माचे लक्षण आणि साधकाचा धर्म

धर्म म्हणजे काय, हा प्रश्न केवळ विद्वत्सभेतला नव्हे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे गोदातीरी तो सहज उपस्थित होतो. कोणी पर्वकाळी स्नान करून पुण्य जोडतो. कोणी या गावी जन्मलेल्या जनाबाईंचे स्मरण करीत पंढरीची वाट धरतो. परमेश्वरमार्गाचा साधक मात्र तीर्थस्नान वा देवताभक्ती यांस मोक्षसाधन मानीत नाही. तो पंचकृष्णांचे नामस्मरण करतो. आपापल्या आचरणास तिघेही धर्मच म्हणतात. मग धर्माचे लक्षण कोणते?

लक्षण अव्याप्ती व अतिव्याप्ती या दोषांपासून मुक्त असावे, असे शास्त्रकार सांगतात. ईश्वरश्रद्धा हे लक्षण केले, तर जगत्कर्ता ईश्वर न मानणारे जैन व बौद्ध वगळले जातात. 'धारण करतो तो धर्म' म्हटले, तर राज्याचा कायदाही धर्मात मोडू लागतो.

१९६६ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आपला संप्रदाय हिंदू धर्माहून भिन्न आहे, म्हणून हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या मंदिरांस लागू नाही, असा स्वामीनारायण सत्संगींचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लोकमान्य टिळकांच्या लक्षणाचा आधार घेतला: वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याविषयी नियमाचा अभाव.

या लक्षणापाशी महानुभाव साधक थबकतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे वचन त्यास परम प्रमाण, आणि उपास्यही निश्चित. तथापि ज्या स्वामींनी स्त्रीशूद्रांस मार्गात स्थान दिले, त्यांच्या अनुयायास त्या निर्णयाचे फळ अप्रिय कसे वाटावे?

हा विरोध प्रयोजनभेद ध्यानी घेतल्यास मिटतो. मंदिराचे दार कोणास उघडावे, हे न्यायालयास ठरवायचे होते. तेथे लक्षण व्यापकच हवे. जीव कशाने सुटेल, हा साधकाचा प्रश्न आहे. तेथे जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर यांचा विवेक अटळ आहे. न्यायालयाचे लक्षण साधनेत आणले तर निष्ठा शिथिल होते. साधनेचे लक्षण शेजाऱ्यावर लादले तर परपीडा घडते, आणि अहिंसा हा तर मार्गाचा पाया आहे.

सूत्रपाठात विचार व आचार अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. विचाराने निश्चित केलेला धर्म आचारात उतरला नाही, तर निर्दोष लक्षणही साधकाच्या कामी येत नाही.