अपुऱ्या पत्त्याचे देणे

आपल्या कामाचा शेवट आपल्याला कधीच दिसणार नसेल आणि कुचराई केली तरी कोणाला कळणार नसेल, तर ते काम मन लावून का करावे? या प्रश्नाशी आलो की मला कुरुक्षेत्र आठवत नाही. रात्रीच्या मेलगाडीचा टपालाचा डबा आठवतो.

सोलापुरात आगगाडी आली 1860 साली. 1871 मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाशी जुळला आणि आमचे गाव दोन महानगरांच्या पत्रव्यवहाराच्या वाटेवर आले. चालत्या गाडीत पत्रे निवडण्याची युक्ती विलायतेत 1838 मध्ये घोड्यांच्या डब्यात फेरफार करून अजमावली गेली होती. आपल्याकडे तिचीच पुढे रेल्वे टपाल सेवा, म्हणजे लोकांच्या तोंडची आर. एम. एस. झाली. थैलीची लाखेची मोहोर तुटे आणि हेलकावणाऱ्या डब्यात उभा राहून सॉर्टर एकेक पत्र त्या त्या गावच्या कप्प्यात टाके. पुढचे स्टेशन येण्याआधी तिथली थैली बांधून तयार हवी. उशिरा धावत येणाऱ्यासाठी डब्यालाच पेटी असे. जादा आकाराचे तिकीट लावले की पत्र त्याच गाडीने निघे.

आता आमच्या गावाचा विचार करा. 1877 च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली, मागांचा खडखडाट वाढला, तेलंगणातून विणकर आले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच पेठेत नांदू लागल्या. अशा गावी येणाऱ्या पत्रावर ‘गिरणीच्या मागे, मारुतीच्या देवळाजवळ’ एवढाच पत्ता असला तर नवल कसले? भाऊबीजेच्या गर्दीत थैल्यांचा ढीग पडला असताना असे एखादे वाकडेतिकडे अक्षर हाती आले, तर सॉर्टरने काय करावे? बाजूला टाकले तर त्याला कोणी दोष दिला नसता, कारण चूक लिहिणाराची होती. पत्र फोडणाऱ्या किंवा मुद्दाम अडवणाऱ्या टपालनोकराला 1898 च्या कायद्याने शिक्षा सांगितली होती. पण अपुरा पत्ता दिव्याजवळ धरून दोनदा वाचावा, अशी सक्ती कोणता कायदा करणार? कायद्याची हद्द तिथे संपते, आणि माणसाचा धर्म तिथूनच सुरू होतो असे मला वाटते.

सगळेच सॉर्टर संत होते असे मी म्हणत नाही. रात्रीचे जागरण, उन्हाळ्यातला तापलेला डबा, उभ्याने काम. कंटाळून पत्र ढकलणारेही असतीलच. गरिबाचे पत्र कोणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून असावे, ही काही चांगली व्यवस्था नव्हे. म्हणूनच श्रीराम भिकाजी वेलणकरांचा मला आदर वाटतो. या संस्कृत कवीच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड आला. 413 हे आकडे दिसले की, तेलुगू न येणाऱ्यालाही पत्र सोलापूरकडे धाडता येऊ लागले. शब्दांवर प्रेम करणाऱ्याने आकडे द्यावेत, हीसुद्धा करुणाच.

पुढे काळ बदलला. 1986 मध्ये स्पीड पोस्ट आले, धावत्या डब्यातली छाननी हळूहळू थांबून इमारतींत गेली. अमेरिकेत ती 1977 मध्ये संपली, इंग्लंडात 2004 मध्ये. आमच्याकडे आर. एम. एस. हे नाव उरले आहे, थैल्या आजही गाडीने जातात. पण खुशाली मात्र फोनवरून क्षणात कळते. त्याचे मला दुःख नाही. आजारी आईची वार्ता चार दिवसांनी कळण्यात कसले आले काव्य?

तरीही मूळ प्रश्न गाडीबरोबर गेला नाही. आज एखादी म्हातारी पेन्शनच्या कागदासाठी खिडकीशी उभी राहते. एका कागदावर तिचे नाव ‘लक्ष्मीबाई’, दुसऱ्यावर ‘लक्ष्मी’. यंत्र अर्ज परत करते; ते नियमाने वागते, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. पण खिडकीमागे अजून एक माणूस बसलेला असतो. तो कागद सरकवून ‘पुढचे’ म्हणू शकतो, किंवा घटकाभर थांबून दोन नावांमागची एक बाई ओळखू शकतो. थांबल्याबद्दल त्याला बढती मिळणार नाही, न थांबल्याबद्दल जाबही कोणी विचारणार नाही.

व्यवस्था जितकी निर्दोष होत जाते, तितकी चुकलेल्या माणसाची वाट अरुंद होते. म्हणून व्यवस्था बिघडवावी असे नाही. तिच्यात थांबण्यापुरती जागा राखावी. आपल्यापर्यंत पोचलेली कितीतरी पत्रे अशाच कोणा अनोळखी माणसाने दिव्याजवळ धरली असतील. त्याचे देणे त्याला फेडता येणार नाही. ते पुढच्या चुकलेल्यालाच द्यावे लागेल.