दिसणारे खरे आणि उरणारे खरे

पडद्यावरील आग किती हुबेहूब असावी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ आणले, तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. त्या काळच्या भाविक प्रेक्षकाला त्याची अडचण वाटली नाही. आज अतिमानवी नायक उडतो, तेव्हा त्याच्या वस्त्राची चुणीही वाऱ्याने हलते. तरी मन मात्र हलत नाही. देव आणि नायक यांत भेद आहे, हे मान्य. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही.

मध्यंतरी आम्ही नातवासमवेत ‘क्रिश ३’ (२०१३) दूरचित्रवाणीवर पाहिला. अखेरच्या झुंजीत मुंबईचे उंच मनोरे पत्त्यांच्या बंगल्यासारखे ढासळतात. नातू म्हणाला, “आजोबा, किती खरं वाटतं ना!” दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला अडाजणच्या घरातील भिंतीवर जपलेली, ऑगस्ट २००६ च्या पुराची खूण दाखवली. त्याने ती पाहिली आणि विचारले, “एवढंच?”

हा शब्द आम्हांस लागला. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, ते दिवस आपणां सुरतकर मराठी मंडळींना सांगावयास नकोत. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना कंबर मोडली, ती कोणत्याही पडद्यावर दिसली नाही. चित्रपटात मनोरा पडला की दृश्य बदलते. खऱ्या गावात घर पडले की तेथून कथा सुरू होते. संगणक धुळीचा कण न् कण दाखवतो, म्हणजे दृश्याचे सत्य सांभाळतो. परिणामाचे सत्य निराळे. त्यात पुढील भाग मागच्याहून भव्य हवा असतो. मग मागच्या पडझडीची आठवण कोण ठेवणार?

दोष यंत्राचा नव्हे. ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ (२०१६) या उत्तरभागात नायकांच्या लढायांत मेलेली सामान्य माणसे हाच कलहाचा विषय केला आहे. आपल्याकडे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील गरुडविमान आजच्या मुलांना खेळण्यासारखे वाटेल. पण संसार ओढणारी जिजाई मागे उरते, म्हणून ते वैकुंठगमन खरे वाटते.

हे लिहिताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. पुरानंतर शासकीय सेवेत असताना आम्ही पंचनामे केले. भिंत किती पडली, भांडी किती गेली, धान्य किती भिजले, सारे बिनचूक लिहिले. एका वृद्धेने पतीची भिजून पांढरी पडलेली तसबीर पुढे केली आणि विचारले, “हे कुठं लिहिणार?” त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही पुढच्या घरी गेलो. आमचा पंचनामाही हुबेहूबच होता; त्यात ती बाई मात्र नव्हती. तेव्हा चित्रपटवाल्यांना बोल लावण्याचा आमचा अधिकार बेताचाच.

ही हकिकत आम्ही नातवाला सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “पुढं त्या आजींचं काय झालं?”

उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण कोसळलेल्या मनोऱ्यांतील माणसांविषयी हा प्रश्न त्याने केला नव्हता, आणि तो पाहताना आम्हीही केला नव्हता, एवढे येथे नोंदवून ठेवतो.