दात, चणे आणि उरलेले दिवस

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याने कोणी ती केली, त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती. ती ही की, म्हातारपणी गेलेले दात परत येत नाहीत. आता तसे म्हणता येत नाही. कवळी आहे आणि जबड्याच्या हाडात बसवायचे इम्प्लांटही आहेत. त्यामुळे फराळाच्या ताटातली चकली पाहून सुस्कारा टाकण्याऐवजी, यांतले काय घ्यावे असा प्रश्न घरात उभा राहतो. आणि तो वाटतो तितका केवळ दातांचा नसतो.

परक्या दातांनी हसण्याची माणसाची हौस जुनी आहे, आणि ती नेहमीच निष्पाप होती असे नाही. जॉर्ज वॉशिंग्टन 1789 साली अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही दंतकथाच. त्यांत पाणघोड्याचे हस्तिदंत होते, शिसे होते आणि माणसांचे दातही होते. गुलामांना नऊ दातांचे पैसे दिल्याची 1784 सालची नोंद त्यांच्या हिशेबवहीत आहे. पुढे 1815 साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात काढून युरोपात विकले गेले. चिनी मातीचे दात, कडक रबर आणि मग ॲक्रिलिक आले, तेव्हा कुठे कवळी स्वस्त झाली आणि तिच्यावरचे पापही धुऊन निघाले.

इम्प्लांटचा जन्म मात्र अपघाताने झाला. 1952 साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला गेले, तर ते निघेना! हाडाने त्या धातूला आपलेसे केले होते. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे खिळे बसवले, आणि त्या गृहस्थाने त्या दातांनी चाळीस वर्षे घास चावला.

मग श्रेष्ठ कोण? दात गेला, की त्याखालच्या हाडाला काम उरत नाही आणि बिनकामाचे हाड झिजू लागते. कवळी हिरडीवर टेकते, ही झीज थांबवीत नाही. म्हणून काही वर्षांनी ती सैल होते, खालची तर विशेषच. इम्प्लांट हाडाला कामाला लावतो. पण त्याला शस्त्रक्रिया हवी, काही महिन्यांचा धीर हवा आणि पैसा पुष्कळ हवा. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर धोका वाढतो. मधला मार्गही आहे. खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते.

इथवरचे उत्तर डॉक्टर देतील. पुढचा प्रश्न घरातला आहे. सत्तरी उलटलेल्या माणसासाठी एवढा खर्च निघाला, की कोणीतरी हळूच म्हणते, "आता किती दिवस राहिलेत?" हे वाक्य हिशेबी वाटते; पण त्यात माणसाच्या सुखाची किंमत त्याच्या उरलेल्या वर्षांनी काढलेली असते. या न्यायाने पाहिले, तर म्हाताऱ्याला नवे धोतरही घेऊ नये. चावून खाणे, चारचौघांत तोंड झाकून न हसणे, ही सुखे रोजची असतात, आणि रोजचे सुख उरलेल्या दिवसांवर टाकता येत नाही.

तरीही पैसा कमी असतो, नातीची फी भरायची असते, हेही खरेच. अशा वेळी आजोबा आपण होऊन "मला कवळी पुरे" म्हणाले, तर तो त्याग आहे. त्यांना न विचारताच कवळी करून आणली, तर ती वसुली आहे. दोन्हींत दात तेच, खर्च तोच. फरक फक्त कोणी ठरवले याचा.

हे उलट बाजूनेही खरे आहे. आजीची कवळी वीस वर्षांची सोबतीण असते. रात्री वाटीतल्या पाण्यात ती ठेवल्याशिवाय आजीला झोप येत नाही. परदेशातून आलेला मुलगा मात्र आईला सर्वांत महागाचे तेच मिळावे म्हणून हट्टाने तिला शस्त्रक्रियेच्या खुर्चीवर बसवतो. हत्तीप्रमाणे प्रेमाचेही कधी कधी दाखवायचे दात वेगळे असतात.

"किती दिवस राहिलेत" हा प्रश्न वाईट नाही. तो ज्याच्या तोंडचा आहे, त्याच्याच तोंडी शोभतो. इतरांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. यंदा आजीला चकली चुरून देण्याआधी एवढेच विचारावे, "तुला काय खावेसे वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.