परिचर्या आणि विटाळ

वेतन घेऊन केलेली रुग्णसेवा धर्म ठरते काय, असा प्रश्न साधक विचारतात. भिक्षान्न घेतल्याने भिक्षूचे स्मरण विकले जात नाही. तद्वत् वेतनाने परिचारिकेची करुणा विकली जात नाही. वेतन वेळेचे असते, कळवळा जीवाचा असतो.

परक्याचे मलमूत्र ती विटाळ न मानता उचलते. सर्वज्ञांनी रजःस्रावही नाका-डोळ्यांच्या मळासारखाच देहधर्म मानून विटाळाची कल्पना नाकारली. ते आपण निरूपणात सांगतो; ती आचरते.

परिचर्येने मोक्ष मिळतो असे नव्हे. तो परमेश्वराधीन आहे. परंतु जीवास न दुखविणे ही अहिंसा असेल, तर दुःखिताचे दुःख हलके करणे ही तिचीच पुढची पायरी होय. म्हणून रुग्णशय्येवरील महंताने वा वासनिकाने परिचारिकेस दासी लेखू नये. तिला दंडवत करावा.