छायासीतेची फिर्याद

पंचवटीत काळारामाच्या देवळाजवळ, ज्या वडांवरून त्या साऱ्या परिसराला नाव पडले त्यांच्या पुढ्यात, सीतागुंफा नावाचे एक लहानसे स्थान आहे. अंग चोरून, मान लववून आणि एके ठिकाणी तर बसल्या बसल्या सरकत भाविक तिच्या अरुंद पायऱ्या उतरतात, दिव्याच्या उजेडात राम, लक्ष्मण आणि सीता यांचे दर्शन घेतात, शेजारच्या खोलगटातील शिवलिंगाला नमस्कार करतात आणि घामाघूम होऊन पुन्हा उजेडात येतात. रावणाने सीतेला नेले ते इथून, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि त्या कोंदट जागेत उभे असताना ऐकणाऱ्याच्या मनात तरी त्याविषयी संशय उभा राहत नाही. अध्यात्मरामायणाच्या कर्त्याने मात्र या हकिकतीला एक विलक्षण पुरवणी जोडली आहे. रावण येणार हे आधीच ओळखून रामाने सीतेला एकांतात सांगितले की, आपली छाया पर्णकुटीत ठेवून तू स्वतः वर्षभर अग्नीत अदृश्य होऊन राहा. तेव्हा सुवर्णमृगाचा हट्ट धरला तो छायेने, लक्ष्मणाला कठोर बोल ऐकवून पिटाळले ते छायेने, आणि अशोकवनात राक्षसींच्या पहाऱ्यात झुरत बसली तीही छायाच. लक्ष्मणाला याची वार्तासुद्धा नव्हती. मारीच हा मायेचा मृग आणि त्याच्यावर लुब्ध झालेली सीताही मायेचीच, म्हणजे एका प्रतिमेने दुसऱ्या प्रतिमेला भुलविले आणि त्या भुलण्यातून खरे युद्ध पेटले, अशी ही रचना आहे.

या कथेशी अमेरिकेतील एका यंत्रमानवांच्या मालिकेची सांगड घालणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु त्या मालिकेने उपस्थित केलेला प्रश्न आणि तिच्यावर माध्यममीमांसकांची शस्त्रे चालवून पाहिल्यावर हाती उरणारा अवशेष, या दोहोंचा माग काढीत गेले की वाट पंचवटीतच येऊन पोचते, असा माझा अनुभव आहे. जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी निर्माण केलेली ‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका २ ऑक्टोबर २०१६ रोजी एचबीओ वाहिनीवर सुरू झाली. तिचे मूळ मायकेल क्रायटनच्या १९७३ मधील त्याच नावाच्या चित्रपटात आहे. एका विस्तीर्ण मुलखात जुन्या अमेरिकी सरहद्दीवरील गावे, गुत्ते, गुराखी आणि दरोडेखोर यांचा हुबेहूब देखावा उभारला आहे. तेथील माणसे कृत्रिम आहेत, आणि जबर शुल्क भरून येणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्याशी वाटेल तसे वागण्याची मुभा आहे. पाहुणे त्यांना ठार मारतात, त्यांच्यावर बलात्कार करतात. रात्री तळघरातले कारागीर ती शरीरे धुऊन, सांधून, त्यांच्या स्मृती पुसून टाकतात. आणि सकाळी त्यांच्यातलीच एक, डोलोरेस नावाची तरुणी, त्याच बिछान्यात जागी होऊन तेच हसू हसते.

पहिल्याच भागात डोलोरेसच्या बापाला शेतातल्या मातीत एक छायाचित्र सापडते. त्यात आधुनिक नगरातील झगमगाटात उभी असलेली एक तरुणी आहे. हा कागद तो मुलीला दाखवितो, तेव्हा तिला त्यात काहीच दिसत नाही, कारण आपल्या जगाबाहेरचे काही डोळ्यांवर पडले तरी ते जाणवू नये अशीच तिची घडण आहे. बाप मात्र रात्रभर त्या कागदाकडे पाहत बसतो आणि सकाळपर्यंत त्याचे सारे भान उसवलेले असते. पुढे मेव्ह नावाच्या स्त्रीला तळघरातील एक कारागीर आपल्या हातातील पाटीवजा यंत्र दाखवितो. ती बोलू लागते, आणि तिच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द, त्याच्या संभाव्य पर्यायांच्या फांद्यांसह, त्या पडद्यावर उमटताना तिला दिसतो. तो शब्द आपण निवडला की आपल्याकरिता आधीच निवडून ठेवला होता, हे ठरविण्याच्या खटपटीत ती अडखळते, थबकते आणि बंद पडते. आपल्याकडील तत्त्वज्ञांनी कर्तृत्व आणि नियती यांवर रचलेल्या ग्रंथांच्या राशीत इतके दृश्य, इतके निर्दय उदाहरण मला आढळलेले नाही.

माध्यममीमांसक येथे आपले म्हणणे मांडू लागतो. कोणत्याही माध्यमाचा आशय म्हणजे दुसरे एखादे माध्यम, असे मार्शल मॅक्लुहान यांनी १९६४ साली प्रतिपादन केले, आणि या मालिकेला ते तंतोतंत लागू पडते: दूरचित्रवाणीच्या पोटात तो उद्यानवजा मुलूख, त्या मुलखाच्या पोटात जुने घोडेस्वारांचे चित्रपट, त्या चित्रपटांच्या पोटात स्वस्त कादंबऱ्या, आणि गुत्त्यातील पियानो तर वादकावाचून, छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर, आपल्या काळातील गाणी वाजवीत असतो. आठवड्यामागून आठवडा तीच पात्रे, तेच दुःख, तेच मरण पाहण्यासाठी वर्गणी भरून बसलेला प्रेक्षक हाही त्या मुलखातील पाहुणाच होय, हे मीमांसकाने सांगितल्यावाचून आपल्याला चटकन जाणवत नाही. इथपर्यंत त्याचा आधार मोलाचा आहे. पण पुढे तो वॉल्टर बेंजामिनचा हवाला देतो, की एका स्थळी, एका काळी, एकदाच असण्याचे जे तेज अस्सल कृतीभोवती असते ते यांत्रिक पुनरुत्पादनाने मावळते. आणि या ठिकाणी नाशिककराला थोडे हसू येते. कारण नाशिकरोडच्या ज्या छापखान्याचा पाया १९२५ च्या सुमारास घातला गेला आणि जेथून १९२८ पासून सरकारी नोटा निघू लागल्या, तेथील कारभार पाहिला तर कोणतीही नोट दुसऱ्या कोणत्या अस्सल नोटेची नक्कल नसते. सगळ्याच यंत्रातून निघालेल्या, तरी सगळ्याच अस्सल, प्रत्येकीचा क्रमांक निराळा, आणि प्रत्येकीचे तेज मागे उभ्या असलेल्या वचनातून आलेले. नक्कल म्हणजे ऱ्हास हे समीकरण युरोपच्या चित्रशाळांना लागू पडत असेल. पाषाणात प्राणप्रतिष्ठा करणाऱ्या आणि मातीच्या गणपतीला आवाहन करून दीड दिवसांनी निरोप देणाऱ्या समाजाला ते तितकेसे पटण्याजोगे नाही.

याचा प्रत्यय याच गावाने एकदा नव्हे, दोनदा घेतला आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकात हलविल्यानंतर १९१७ साली ‘लंकादहन’ काढला, आणि त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ज्या पंचवटीत एका सीतेच्या दोन झाल्या असे ग्रंथ सांगतात, त्याच पंचवटीच्या शेजारी एका नटाच्या देहात राम आणि सीता यांचे ऐक्य व्हावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगतात. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष दूरदर्शनवर रामायण दाखविले गेले, तेव्हा दर रविवारी सकाळी संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक पाहावयास बसत, आणि सुशिक्षित मंडळी त्याला भाबडेपणा म्हणत. मला तो भाबडेपणा वाटत नाही. संचाला हार घालणाऱ्या आजीला पडद्यावरचा राम म्हणजे अरुण गोविल हा नट आहे हे पुरते ठाऊक होते. प्रतिमेत देव आहे की नाही हा तिच्यापुढील प्रश्नच नव्हता, प्रतिमेशी आपण कसे वागावयाचे एवढाच प्रश्न होता, आणि तो तिने निकालात काढला होता. दर्शन ही केवळ भावनेची बाब नसून हक्काचीही बाब आहे, हेही याच गावाने पाहिले: २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि प्रतिमेसमोर उभे राहण्याची मुभा कोणाला आणि कोणाच्या हुकुमाने, हा सवाल त्या दरवाजापुढे वर्षानुवर्षे उभा राहिला.

तेव्हा प्रतिमेशी वागण्याचा प्रश्न हाच मूळ प्रश्न, असे धरून चालू. अद्वैत्यांमध्ये या बाबतीत एक जुना वाद आहे. सुरेश्वराचार्यांच्या पक्षाला मानणारे म्हणतात, बुद्धीत दिसणारे चैतन्य हा निव्वळ आभास आहे, मिथ्या आहे. विवरणकारांचा पक्ष म्हणतो, आरशातील मुख हे मुखाहून वेगळे नाहीच, प्रतिबिंब म्हणजे बिंबच, फक्त उपाधीमुळे ते दुसरीकडे असल्यासारखे भासते. यंत्रमानवाला पहिला न्याय लावला तर त्याचे रडणे हा आवाज ठरतो, दुसरा लावला तर त्याचे रडणे हे आपलेच रडणे ठरते. मालिकेतील पाहुणे, त्यांनी सुरेश्वराचार्यांचे नाव स्वप्नातही ऐकले नसले तरी, पक्के आभासवादी आहेत.

आणि येथे छायासीतेच्या कथेची दुसरी, काहीशी अडचणीची बाजू पुढे येते. कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृतात एक प्रसंग आहे. दक्षिणेच्या यात्रेत चैतन्य महाप्रभू मदुराईस गेले असता त्यांना एक रामभक्त ब्राह्मण भेटला. जगन्मातेला राक्षसाचा स्पर्श झाला या दुःखाने त्याने अन्न वर्ज्य करून प्राणत्याग करण्याचा निश्चय केला होता. चैतन्यांनी त्याची समजूत घातली खरी, पण पुढे रामेश्वरी कूर्मपुराणाचे वाचन चालू असता रावणाने नेली ती मायासीता, खरी सीता अग्नीपाशी होती, हा भाग त्यांच्या कानी पडला, तेव्हा त्यांना आपल्या म्हणण्याला दस्तऐवजी पुरावा मिळाला. त्यांनी त्या पानाची नवी प्रत लिहून घेऊन पोथीत ठेवली, आणि ब्राह्मणाची खात्री पटावी म्हणून जुने, अस्सल पान घेऊन ते परत मदुराईस गेले. सीतेची नक्कल होती हे सिद्ध करावयास पानाची नक्कल चालली नाही! ब्राह्मणाने ते पान पाहिले, त्याचे समाधान झाले, त्याने आनंदाने पाहुण्याला भोजन घातले. पुढे याच यात्रेत चैतन्य पंचवटीस आणि त्र्यंबकेश्वरी येऊन गेल्याचेही तो ग्रंथ नमूद करतो.

त्या ब्राह्मणाच्या भक्तीविषयी मला यत्किंचितही शंका नाही, आणि १९८८ साली दूरदर्शनच्या सीतेने अग्निप्रवेश केला त्या वेळी रामाच्या तोंडी हाच खुलासा घातला गेला तेव्हा ज्या लक्षावधी घरांतून सुटकेचा निःश्वास बाहेर पडला असेल, त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. पण समाधानाचे स्वरूप नीट न्याहाळावे. जिचे केस धरून नेले ती सीता नव्हती, म्हणून काही घडलेच नाही. अशोकवनातले अश्रू खोट्या सीतेचे, म्हणून ते हिशेबात धरावयाचे नाहीत. ‘वेस्टवर्ल्ड’च्या मालकांची सबब याहून एका अक्षरानेही निराळी नाही. दुःख झाले ते यंत्राला, सबब गुन्हा नाही, फिर्यादी नाही, मुकदमा दाखल करण्याजोगे काहीच नाही. प्रियजनाला कलंकापासून वाचविण्यासाठी निर्माण केलेली छाया आणि पाहुण्याला अपराधापासून वाचविण्यासाठी निर्माण केलेले यंत्र, या दोघांना आपापल्या धन्यांच्या मनःशांतीसाठी एकच काम नेमून दिलेले आहे.

आपल्या परंपरेचा मोठेपणा मला दिसतो तो या टप्प्यावर, आणि तो दिसतो ब्रह्मवैवर्तपुराणासारख्या तुलनेने उशिराच्या, पंडितांनी फारसे डोक्यावर न घेतलेल्या ग्रंथात. युद्ध संपते, अग्नी खऱ्या सीतेला रामाच्या स्वाधीन करतो, आणि छायासीता, जिचे काम आता संपले, ती विचारते की मी आता काय करावे. कथाकाराला हा प्रश्न टाळता आला असता. छाया ज्वालांत विरून गेली असे एका ओळीत उरकणे सोपे होते आणि इतरांनी ते तसे उरकलेही आहे. या पुराणाने मात्र तिची वासलात न लावता तिला पुष्करक्षेत्री तपाला पाठविले, आणि पुढल्या युगात ती द्रुपदाच्या यज्ञकुंडातून द्रौपदी होऊन बाहेर आली असे सांगितले. जिला कोणी काही विचारले नव्हते तिला त्याने आयुष्य दिले, गोत्र दिले, सूड घेऊ शकतील असे पती दिले.

मालिकेच्या लेखकांना इथवर येता आले, पुढे त्यांची वाट चुकली असे मला वाटते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस मेव्हला कळते की, तिचे बंडसुद्धा कोणीतरी लिहून ठेवलेले होते. तरीही ती सुटकेच्या गाडीतून, ऐन वेळी, आपल्या मुलीसाठी खाली उतरते, जी मुलगी तिच्या पूर्वीच्या एका भूमिकेतील केवळ जोडपात्र होती हे तिला पुरते माहीत आहे. तेथे मालिका पुराणाच्या उंचीला जाते. परंतु डोलोरेसच्या हाती तिने पिस्तूल दिले, आणि मग पुढची तीन पर्वे त्या पिस्तुलाच्या आवाजात बुडाली. २०२२ साली ती मालिका बंद झाली आणि त्याच वर्षअखेर वाहिनीने आपल्या संग्रहातूनही ती काढून टाकली, हा स्मृती पुसण्याचा प्रकार तिच्याच तळघरात शोभला असता. व्यासांनी द्रौपदीच्या हाती शस्त्र दिले नाही. दासी म्हणून तिला सभेत घेऊन येण्याचा हुकूम घेऊन प्रातिकामी आला, तेव्हा तिने त्याला तसाच परत धाडला, आणि पणात युधिष्ठिराने आधी स्वतःला गमावले की मला, हा कायद्याचा मुद्दा त्या दरबारापुढे मांडला. कारण जो स्वतःच दास झाला त्याची दुसऱ्यावर मालकी कोठून येणार? पंचवटीत न विचारता पणाला लावली गेलेली छाया हस्तिनापुरात प्रथमच मालकीचा दाखला मागत होती. विकर्णाने तिची बाजू घेतली तेव्हा कर्णाने त्याला पोरकट ठरविले. आणि भीष्म, जे त्या सभेत कायदा सर्वांत अधिक जाणत होते, धर्माची गती सूक्ष्म आहे, या प्रश्नाचा निवाडा मला करता येत नाही, असे म्हणून खाली बसले.