वंश, स्वीकार आणि आचार

खजारांच्या राजघराण्याने आठव्या-नवव्या शतकात यहुदी धर्म स्वीकारला, एवढा इतिहास बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे. येहुदा हालेवीच्या ‘कुझारी’ या बाराव्या शतकातील अरबी संवादग्रंथात मात्र या स्वीकाराला नैतिक पेचाचे रूप येते. तत्त्वज्ञ, ख्रिस्ती आणि मुसलमान यांची मते पारखून राजा यहुदी पंडिताकडे वळतो. तोच पंडित त्याला बजावतो की, बाहेरून आलेला जन्मजात यहुद्याची बरोबरी करू शकत नाही. ज्या ग्रंथाची सारी रचना विवेकी निवडीवर उभी आहे, त्यातच हे यावे!

कोकणातील बेने इस्रायलांची कथा याच्या उलट टोकाची आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ पिढ्यान्‌पिढ्या आचाराने यहुदी राहिले. तरीही इस्रायलमध्ये १९६२ च्या सुमारास प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणीपूर्वी त्यांच्या आई-आजीपलीकडील वंशाची चौकशी सांगितली. निवडीने आलेला उणा आणि आचाराने टिकलेला संशयित ठरत असेल, तर धर्म ही श्रद्धेची बाब आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? १९६४ मध्ये संसदेने बेने इस्रायलांना सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्यता दिली. धर्मपीठाने निर्देशातून त्यांचे नाव तेवढे गाळले. संशयितांची चौकशी कायम ठेवली.