प्रसाद, अधिकार आणि विजया

शिवाला प्रिय मानलेली भांग प्रसाद ठरली, तर ती लहान मुलाच्या हातावर ठेवायची का? प्रसादाला भेदभाव मान्य नाही. हात पुढे करील त्याला तो वय, जात, पत न विचारता मिळतो. मादक द्रव्याला मात्र अधिकारी लागतो. आयुर्वेदाने भांगेला विजया म्हटले, तिची गणना उपविषांत केली आणि वापरण्याआधी शोधन सांगितले. एकाच वनस्पतीला लागू होणारे हे दोन नियम भांगेच्या पेढ्यात समोरासमोर येतात. मुलाला तो नेहमीचा पेढाच दिसतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ भरतो. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात, वैष्णव नाशिकला रामकुंडात. 2015 नंतरचे पर्व 2026-27 चे. काही साधूंच्या धुनीजवळ चिलीम असते आणि त्याच धुनीभोवती दर्शनाला आलेली लेकुरवाळी कुटुंबे बसतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजावर, म्हणजे झाडाच्या फुलोऱ्यावर, बंदी घातली. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या. श्रद्धेसाठी वेगळी सवलत ठेवलेली नाही. साधू आपल्या वैराग्याचा हवाला देईल, पण ते वैराग्य शेजारच्या पोराला लागू होत नाही.

शिवाच्या आवडीचा दाखला देणाऱ्यांनी समुद्रमंथनाची कथा पुरती आठवावी. हलाहल त्याने गिळले नाही आणि सांडूही दिले नाही. कंठात धरून ठेवले. जो बाळगू शकतो त्यानेच ते सांभाळायचे, हा त्या कथेतला धर्म आहे. सांभाळण्याचा भार अजाण जिवावर टाकता येत नाही.

बालरोधक वेष्टनाची कल्पना याच तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेत 1970 च्या कायद्यापासून औषधांच्या अशा बाटल्यांची चाचणी मुलांकडूनच करून घेतात, आणि गांजा कायदेशीर असलेल्या तिथल्या राज्यांनी बहुधा तीच कसोटी त्या मालालाही लावली. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुले बसवून त्यांच्या हाती रिकामी बाटली देतात आणि ती उघडायला सांगतात. पाच मिनिटांत जमले नाही तर मोठे माणूस एकदा उघडून दाखवते, दात लावले तरी चालतील असे सांगते, आणि आणखी पाच मिनिटे देते. एवढे करूनही किमान 80 टक्के मुलांना झाकण उघडता आले नाही, तर बाटली उत्तीर्ण. पन्नास ते सत्तर वयाच्या माणसांना मात्र ती उघडता आणि पुन्हा नीट बंद करता यावी लागते.

या कसोटीत एक तात्त्विक उणीव आहे. अधिकार हा विवेकाचा, झाकण तपासते ते बोटांचे बळ. सांधेदुखीने जेरीस आलेली आजी झाकण सैल ठेवते, तेव्हा प्रमाणपत्राचा उपयोग संपतो. शिवाय उरलेल्या 20 टक्क्यांपर्यंतची मुले नियमालाच मान्य आहेत. म्हणून ‘बालरोधक’ला ‘बालसुरक्षित’ समजणे चूक आहे. कुलूपबंद आणि उंचावरचे कपाट लागतेच.

भारतात भांग असलेली पोटात घ्यायची आयुर्वेदिक औषधे ‘ई(1)’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत येतात. ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर इंग्रजी आणि हिंदीत ठळक छापावा लागतो. वाचता न येणाऱ्या मुलाला त्या इशाऱ्याचा आधार नाही, आणि प्रसादाच्या द्रोणावर तर तेवढेही छापलेले नसते. तिथे वाटणाऱ्याने हात आखडता घेणे हाच धर्म.